अंकल गसच्या कानांची बॅटरी

बेलमाँट, ७ जानेवारी

अफिया,

माझा नंबर तू बंद केलास. ठेव बंद. कागद बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र लिंडेलच्या हाती पाठवतोय. तुझा हा मावसभाऊ बोटीवर दोऱ्या ओढतो, आणि दोन बेटांमधलं बरंच काही त्याच्या खिशातून जातं-येतं. त्याने विचारलंच, "काय रे जेलानी, टोबॅगोला टपाल जायचं थांबलं का?" मी म्हटलं, टपालाला पोचायला दोन आठवडे लागतात आणि माझ्याकडे तेवढा दम नाही. लिंडेल, वाचत असशील तर इथेच थांब.

आधी कामाचं. जाताना तू म्हणालीस, "माझ्यासाठी काही करू नकोस. फक्त डॅडीच्या कानांतल्या मशीनची बॅटरी रोज बघत जा." तेसुद्धा तू का सांगितलंस हे मला माहीत आहे. तुझा फोन तुझ्याबरोबर गेला, अंकल गसचा फोन बटणांचा, घरच्या टँटी मर्लचा त्याहून जुना. अख्ख्या पॅनयार्डात, बँडच्या एवढ्या माणसांत, ती दोन मशीनं फक्त माझ्याच फोनशी जुळली. तुला ते जोडताना किती राग आला होता! ओठ असे आवळले होतेस, जणू तुझ्या बापाचं लग्नच माझ्याशी लावतेयस.

तर ऐक. मी सकाळी येतो, फोन उघडतो, दोन्ही कान शंभर टक्के. संध्याकाळी परत बघतो, डावा अठ्ठ्याण्णव, उजवा नव्याण्णव. हिरव्यागार पट्ट्या. इतकं चांगलं मशीन असेल असं मला वाटलं नव्हतं. तू म्हणायचीस ना की दिवसभरात निम्मी उतरेल? काही उतरत नाही. अंकल गस दिवसभर शेडमध्ये पोलादी पिंपाच्या पॅनला हातोडीने ठोकून सूर लावत बसतात, विणलेली टोपी कानांवरून खाली ओढून, आणि बॅटरी जशीच्या तशी.

आपल्या बँडचं, झाबोका स्टीलचं, काम जोरात आहे. या वर्षी सगळे टेनर पॅन नवे आहेत, म्हणजे पुढच्या रांगेतला अख्खा उंच आवाज नवा. कार्निव्हलच्या स्पर्धेच्या सेमीफायनलपर्यंत ते तुझ्या डॅडींना लावून द्यायचेत. बँडचा कॅप्टन कटी रोज येऊन शेडच्या दाराशी खाकरतो आणि जातो.

कॉलेजबद्दल तू जे बोललीस ते मी ऐकून घेतलं, आता माझं ऐक. मी तुझ्यापायी कॉलेज सोडलं नाही. सेंट ऑगस्टीनच्या त्या वर्गात दोन वर्षं फळ्याकडे बघून माझं डोकं उठलं, म्हणून सोडलं. त्याच आठवड्यात तुझं टोबॅगोच्या हॉस्पिटलातल्या नोकरीचं पत्र आलं, हा योगायोग.

बरं, नव्हता योगायोग.

जेलानी

१३ जानेवारी

अफिया,

तुझं उत्तर मिळालं. बोटीच्या तिकिटाच्या पाठीवर तीन ओळी. "दिवसभर घातलं तर बॅटरी उतरलीच पाहिजे. तो घालत नाहीये. डोकं वापर." मी ते तिकीट पाकिटात ठेवलंय. शिवी असली तरी अक्षर तुझं आहे.

आणि तुझंच खरं निघालं. मी लगेच अंकल गसकडे गेलो. ते पायरीवर बसून भाजलेलं ब्रेडफ्रूट खात होते. मी म्हटलं, "टोपी काढा."

"काय?"

"टोपी!"

"रोटी? संपली. मर्लला विचार."

मग मी स्वतःच टोपी उचलली. कान रिकामे. मशीनं आत चार्जरच्या डबीत निजलेली. मी यायच्या वेळेला तेवढी कानांत घालायची, मी गेलो की परत डबीत. मी आठवडाभर हिरव्या पट्ट्या बघून खूश होत होतो, आणि तुझा बाप मला येताना बघून मेकअप केल्यासारखा कान घालत होता.

मी ओरडलो. हो, ओरडलो. नाहीतरी त्यांना त्याशिवाय ऐकू येत नाही. ते शांतपणे हात पुसत म्हणाले, "पोरा, ते मशीन खोटं बोलतं."

"खोटं म्हणजे?"

"माणूस बोलतो ते ठीक सांगतं. पोलादाचं नीट सांगत नाही."

"अंकल गस, डॉक्टरांनी दिलेलं मशीन खोटं आणि तुमचे पन्नास वर्षं हातोडी खाल्लेले कान खरे? सगळं यार्ड कुजबुजतंय, म्हातारा बहिरा झाला म्हणून. कटी खाकरायला येत नाही, बघायला येतो."

मग मी माझं हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, उद्यापासून संध्याकाळी बॅटरी उतरलेली दिसली नाही तर अफियाला कळवीन, आणि ती तिथलं काम टाकून येईल. ते पायरीवरून उठले. मग आत जाऊन दोन्ही मशीनं कानांत घालून आले.

"झालं समाधान?"

"आकडा बघून सांगतो," मी म्हटलं.

तू मला नेहमी म्हणतेस की मी हातात घेतलेलं काही तडीला नेत नाही. हे नेणार.

जेलानी

२० जानेवारी

अफिया,

संध्याकाळी डावा कान चाळीस, उजवा छत्तीस! पट्टी पिवळी झाली आणि मला इतका आनंद झाला की टँटी मर्लला उचलून फिरवलं. त्यांनी मला डावाने मारलं. "सोड मला मेल्या, माझी कंबर! तुझ्या फोनमध्ये लॉटरी लागली का?"

तुझे डॅडी रोज सकाळी मशीनं घालतात ते झोपतानाच काढतात. आता त्यांना बेडूक ऐकू येतात. टँटी स्वयंपाकघरात पुटपुटतात तेही ऐकू येतं. काल पाल्याचं कॅललू ढवळताना टँटी म्हणाल्या, "या माणसाला वाढायचं म्हणजे भिंतीला जेवू घालायचं." शेडमधून आवाज आला, "भिंतीला मीठ कमी लागतंय." टँटींच्या हातातला डाव खाली पडला. इतकी वर्षं त्या जे जे बोलल्या असतील ते आठवून दिवसभर गप्प होत्या.

तर तुझे वडील सुखरूप आहेत, ऐकू येतंय, काम चालू आहे. पूर्वीपेक्षा जास्तच. आता ते एकेका सुरावर फार वेळ घेतात. टक टक टक, थांबणार, कान खाली नेणार, परत टक टक. एकाच जागी सकाळ काढतात. मी म्हटलं, ऐकू यायला लागल्यावर माणूस बारकाईने करणारच.

तालमीत थोडं काहीतरी झालं, मोठं नाही. पुढच्या रांगेतल्या टेनरवाल्या मुली एकमेकींकडे बघून तोंडं वाकडी करत होत्या. मी माझ्या बास पॅनवरून ओरडलो की काय दातदुखी आहे का. त्यातली एक म्हणाली, "तुला ऐकू येत नाही का जेलानी?" मी म्हटलं, मला सगळं ऐकू येतं, तू तुझं वाजव. तेवढंच.

तुला माहीत आहे यार्डाची रीत. सूर लावणाऱ्याला कुणी सांगत नाही की सूर बरोबर आहे का, आणि तो कुणाला विचारत नाही. तो पॅन बाहेर आणून ठेवतो आणि आपण वाजवायचं. त्यामुळे मुली गप्प, मीही गप्प.

रविवारी मी सॅव्हानाच्या मैदानाच्या बाजूने चालत होतो तेव्हा नारळवाल्याने विचारलं, तुझी नर्स कुठे आहे. मी म्हटलं, येईल. तो हसला. मी नारळ तिथेच ठेवून आलो.

जेलानी

२६ जानेवारी

अफिया,

हे तुला टँटी मर्लकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

परवा तालीम मध्येच थांबवून कटी पुढे आला. सगळी मंडळी उभी, गाणं अर्ध्यावर. त्याने टेनरच्या रांगेतून एक पॅन उचलला, एक सूर वाजवला आणि अंकल गसकडे बघून म्हणाला, "ऑगस्टस, मी तुझ्याच हाताखाली वाजवायला शिकलो. माझ्या तोंडून हे निघू नये असं वाटत होतं. पण हे टेनर महिन्याच्या सुरुवातीला चांगले होते आणि आता वाईट आहेत. तू रोज त्यांना जास्त वाईट करतोयस."

मी उडी मारून पुढे गेलो आणि कटीची कॉलर धरली. शर्टाची दोन बटणं माझ्या हातात आली. "त्यांच्या मशीनची बॅटरी मी रोज बघतो!" असं मी ओरडत होतो. आता आठवलं की वाटतं, काय हे बोलणं! बॅटरीचा आणि त्या सुरांचा काय संबंध? पण माझ्याकडे तेवढंच होतं सांगायला. दोघांनी मला धरून बाजूला नेलं. कटी शर्ट सारखा करत म्हणाला, "सॅन फर्नांडोहून ओरियल येतेय. सेमीफायनलसाठी ती दुसरे टेनर लावून देईल."

अंकल गसनी हातोडी नेऊन शेडच्या खिळ्याला अडकवली, मशीनं कानांतून काढली, डबीत ठेवली. टँटींना म्हणाले, "कान गेले मर्ल. माझे संपले." आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून ते शेडमध्ये गेलेले नाहीत. माझ्या फोनवर दोन्ही कान शंभर टक्के आहेत.

काल दुपारी टँटी घरात नव्हत्या. मी एक टेनर उचलून त्यांच्या खाटेपाशी नेला आणि मशीनं त्यांच्या हातात दिली. त्यांनी घातली, बहुतेक मला कटवण्यासाठी. मी एक सूर वाजवला, असा सूर की ज्याला त्यांनी अजून हात लावला नव्हता. माझ्या कानाला तो सरळ होता, ताणलेल्या दोरीसारखा.

"थरथरतोय," ते म्हणाले. "सगळेच थरथरतात. त्यावर कुणी बसून हलतंय असं वाटतं. मी ठोकून ठोकून थकलो, जात नाही."

"आणि मशीन काढल्यावर?"

"काढल्यावर थरथर नाही. पण वरचा सगळा आवाजच नाही. भिंतीपलीकडे वाजल्यासारखा."

मी घरी आलो आणि फोनवरचं ते अॅप उघडलं. इतके दिवस मी त्यातलं एकच पान बघत होतो, बॅटरीचं. दोन पट्ट्या, दोन आकडे, फोन खिशात. बाकीची पानं मी कधी सरकवलीही नव्हती. अफिया, ते मशीन बोलण्यासाठी लावलेलं आहे. मशीनला स्वतःची शिट्टी वाजायची सवय असते, आणि लांब वाजत राहणारा एकसारखा सूर आला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी. मग ते तो सूर दाबायला जातं, हलवतं. तीच ती थरथर. बोलण्यात तसा सूर नसतोच म्हणून कुणाला कळत नाही. पण पॅन म्हणजे दुसरं काय असतं? शेवटच्या पानावर संगीतासाठी वेगळी सेटिंग आहे. एका बोटाचं काम.

म्हणजे त्यांचे कान गेले नाहीत. ते मला पहिल्याच दिवशी सांगत होते की मशीन पोलादाचं खोटं सांगतं. मी धमकी देऊन तेच मशीन त्यांच्या कानांत ठेवायला लावलं, आणि ते चांगल्या सुरांमधली नसलेली थरथर ठोकून काढत राहिले. रोज संध्याकाळी आकडा उतरलेला बघून मी नाचत होतो, तेव्हा आत एकेक पॅन बिघडत होता.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सांगितलं तर ते मला यार्डाबाहेर काढतील, आणि काढावंच. मग तुझ्या घराशी माझं काही नातं राहत नाही. नाही सांगितलं तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतील, आपले कान मेले असं समजून, आणि मी रोज सकाळी येऊन त्यांची बॅटरी बघत राहीन. तू सांग मी काय करू. नको, सांगू नकोस. बोट उद्या सुटते, उत्तर परवा येणार, तोपर्यंत मला दम निघणार नाही.

जेलानी

२८ जानेवारी

अफिया,

सांगितलं. तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही.

सकाळी गेलो, टँटी कोको उकळत होत्या. अंकल गस खाटेवर. मी म्हटलं, मशीनं घाला, आणि ते ऐकू शकतील अशा आवाजात सगळं सांगितलं, पहिल्यापासून. धमकीचंही. टँटींनी गॅस बंद केला. अंकल गसनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं झाल्यावर ते म्हणाले, "लाव ती सेटिंग."

मी लावली. ते उठले, बाहेर गेले, पोलादी पिंपं आणि स्टँडं ओलांडत शेडमध्ये शिरले. कटीने बाजूला काढलेले चार टेनर तिथे रचून ठेवले होते. त्यांनी पहिला घेतला, काठीने एक एक सूर वाजवला. दुसरा घेतला. मी दारात उभा. तिसऱ्या पॅनवर ते थांबले, वर पाहिलं. चेहरा असा रागाने भरला होता की मी एक पाऊल मागे आलो.

"हे कुणी केलं?" ते म्हणाले. "कुणी हात लावला माझ्या पॅनला? हा सूर बघ, पार फाडलाय. कुठला गाढव हातोडी घेऊन..."

"तुम्हीच, अंकल गस," मी म्हटलं.

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. मशीन व्यवस्थित चालू होतं, ऐकू न येण्याचा प्रश्न नव्हता. ते हळूच खाली बसले, पॅन मांडीवर, आणि तोच वाईट सूर परत परत वाजवत राहिले. टँटी दारापर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या.

मग ते म्हणाले, "जेलानी, तू बाहेर हो."

"अंकल..."

"फाटकाच्या बाहेर. मी तुला मारायच्या आधी जा. मी म्हातारा आहे, पण हा हात अजून पिंप वाकवतो."

मी गेलो. एक शब्द उलटा बोललो नाही. तुला पटणार नाही, टँटींना विचार. फाटकाबाहेर पोचल्यावर मात्र भिंतीला लाथ मारली, अंगठा सुजलाय.

तुझी चिठ्ठी दुपारी लिंडेलने आणून दिली. "आजच सांग त्यांना." एवढीच ओळ. मला बरं वाटलं की तू सांगायच्या आधी मी केलं होतं. मग वाटलं, ह्यात बरं वाटण्यासारखं काय आहे.

जेलानी

४ फेब्रुवारी

अफिया,

टँटी मर्लनी नवा फोन घेतला. चौकातल्या दुकानातून, गुलाबी कव्हरचा. मला बोलावणं आलं ते फाटकापर्यंतच. त्यांनी आतून फोन दिला, मी बाहेर उभा राहून मशीनं त्यावर जोडून दिली, संगीताची सेटिंग कुठे ते दाखवलं, बॅटरीचं पान दाखवलं. "डावीकडचं हे, उजवीकडचं ते," मी म्हटलं. "मला डावं-उजवं शिकवतो! तू लंगोटात होतास तेव्हापासून मी इथे भात शिजवतेय," त्या म्हणाल्या, पण हात माझ्या गालाला लावून.

मग माझ्या फोनवरून दोन्ही कान काढून टाकले. फोन विचारतो, खात्री आहे का? मी लगेच होय दाबलं, थांबलो असतो तर दाबलं गेलं नसतं. आता तुला डॅडींशी बोलायचं असेल तर टँटींच्या फोनवर लाव, आवाज थेट त्यांच्या कानांत जातो. त्यासाठी माझा नंबर उघडायची गरज नाही. आधी मी तुला हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. मला वाटायचं की कधीतरी तुला माझ्याच फोनवर यावं लागेल.

काल सेमीफायनल होती. ट्रकवर पॅन चढवून सगळं यार्ड सकाळीच सॅव्हानाला गेलं, ओरियलने लावलेल्या टेनरसकट. तिने चांगले लावलेत, खोटं का बोलू. मला कटीने बास वाजवायला बोलावलं होतं, शर्टाच्या बटणांचं विसरून. मी गेलो नाही. अंकल गसही गेले नाहीत. आपल्या बँडच्या सेमीफायनलला ते गेले नाहीत असं हे पहिलंच वर्ष, टँटी म्हणाल्या, आणि टँटी स्वतः टोपी घालून ट्रकमागे निघून गेल्या, कारण कुणीतरी जायला हवं.

मी फाटकाबाहेरच्या दगडावर बसलो. का, ते विचारू नकोस. रस्ता रिकामा, कोंबड्या आणि मी. आतून हातोडी ऐकू येत होती. ते बिघडलेले चार टेनर घेऊन बसले होते. त्या पॅनची आता कुणी वाट बघत नव्हतं. या वर्षी तरी ते कुणी वाजवणार नाही, कार्निव्हल संपेल, ते शेडमध्येच राहतील. तरी ते ठोकत होते. थांबून वाजवत, परत ठोकत. दुपार झाली, ऊन माझ्या पायांवर आलं.

मग हातोडी थांबली आणि एकच सूर वाजला. लांब. तो विरला. परत वाजला. आणि आतून हाक आली, "पोरा. आहेस ना तिथे?"

"आहे, अंकल."

त्यांना मी तिथे आहे हे कसं कळलं माहीत नाही. बहुतेक मी खोकलो होतो, आणि आता त्यांना खोकला ऐकू येतो.

मग ते म्हणाले, "हा ऐक. थरथरतोय का?"

अफिया, मी लहानपणापासून त्या यार्डात आहे. तुझ्या बापाने हे कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. कटीला नाही, तुला नाही. त्यांनी परत वाजवला. मी डोळे मिटले. सूर चांगला होता, जवळजवळ सरळ. नाही म्हटलं असतं तर त्यांना आनंद झाला असता, कदाचित फाटकही उघडलं असतं. मी ते बोलणार होतो. पण शेवटाला, विरता विरता, तो किंचित हलला.

"हो," मी म्हटलं. "शेवटाला. थोडासा."

मी दगडावरून उठून उभा राहिलो, त्यांनी मला शिव्या घातल्या तर उभ्याने ऐकाव्यात म्हणून.

"मलाही तसंच ऐकू येतंय," ते म्हणाले, आणि हातोडी परत सुरू झाली.

जेलानी